नवखा स्वार आणि जाणता घोडा

मराठी प्रशासकीय बोलीतून घोडा काढून टाकला, तर ती बोली बरीच पांगळी होईल. नव्या अधिकाऱ्याची मांड बसली की नाही, याची चर्चा कचेरीत पहिल्या आठवड्यातच सुरू होते. वित्त विभाग खर्चाला लगाम घालतो. फाईल अडली की घोडे कुठे पेंड खाते याचा शोध घ्यावा लागतो. घटना घडून गेल्यावर नेमलेली समिती म्हणजे वरातीमागून घोडे, आणि गरजेवाचून भरलेली माणसे म्हणजे खोगीरभरती. गंमत अशी की हे शब्दप्रयोग रोज करणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी प्रत्यक्ष खोगीर हाताळलेले असते. आपल्या बहुतेकांचा घोड्याशी संबंध येतो तो माथेरानला किंवा महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी. तिथे घोड्याला वाट पाठ असते, शेजारी घोडेवाला चालत असतो, आणि आपण नुसते बसलेले असतो. त्या बसण्यालाच आपण घोडेस्वारी समजतो. या गैरसमजाची किंमत पुढे कोण मोजतो, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

गेली काही वर्षे माझे वास्तव्य बंगळूरच्या उत्तरेला, येलहंक्यात आहे. बंगळूर वसवणारा पहिला केंपेगौडा हा येलहंक्याचा नाडप्रभू. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने बंगळूर घेतले, त्या मोहिमेत शहाजीराजे होते, आणि पुढे बंगळूर त्यांची जहागीर झाले. म्हणजे या भागाला मराठी घोड्यांच्या टापा अपरिचित नाहीत. आजचे येलहंका वायुदलाच्या तळासाठी आणि रेल्वेच्या चाकांच्या कारखान्यासाठी ओळखले जाते. २००८ मध्ये देवनहळ्ळीला विमानतळ सुरू झाल्यापासून बेल्लारी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. मात्र त्या इमारतींच्या मागे अजून मोकळी रानजमीन आहे, फार्महाउसे आहेत आणि घोडेही आहेत.

हे घोडे शौकाचे. एम्बसी इंटरनॅशनल रायडिंग स्कूल ही संस्था याच पट्ट्यात १९९६ पासून आहे. २०१८ च्या जाकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत वैयक्तिक व सांघिक अशी दोन रौप्यपदके मिळवणारा फवाद मिर्झा बंगळूरचाच. २०२३ मध्ये हांगचौ येथे भारतीय संघाने ड्रेसाज प्रकारात सुवर्णपदक मिळवले. अशा यशाने मध्यमवर्गीय घरांतही घोडेस्वारीची हौस पोचली, आणि हाती पैसा असलेल्या काहींनी वर्ग लावण्याऐवजी थेट घोडाच विकत घेतला. हौसेला माझा विरोध नाही. परंतु मोटारसायकल चालवायची तर शिकाऊ परवाना लागतो, आणि साडेचारशे किलो वजनाचा, स्वतःच्या मताने चालणारा, भ्यायला की ताशी चाळीस किलोमीटरच्या पुढे धावणारा प्राणी घरी आणायचा तर तो सांभाळता येतो का, असे कोणीही विचारत नाही.

घोडा नवख्याशी कसा वागतो हे समजण्यासाठी तो जग कसे पाहतो ते आधी पाहावे लागते. घोडा हा शिकार होणारा प्राणी आहे, शिकार करणारा नव्हे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला सभोवतालचे जवळजवळ सगळे वर्तुळ दिसते. दिसत नाही ते पाठीमागचे थोडे आणि कपाळापुढचे अगदी जवळचे. म्हणून मागून गुपचूप येणाऱ्या माणसाला तो लाथ मारतो, आणि समोरून एकदम कपाळाला हात लावणाऱ्यापासून मान झटकतो. माणसाला हा उद्धटपणा वाटतो. घोड्याच्या दृष्टीने ती सावधगिरी असते. त्याची कातडी इतकी संवेदनशील की माशी बसली तरी तेवढीच जागा थरथरते. पाठीवरच्या माणसाने श्वास रोखला, मांड्या आवळल्या, एका अंगाला भार टाकला, हे सगळे त्या कातडीला कळते.

आता नवखा स्वार काय करतो ते पाहा. तोल जाऊ लागला की तो लगामाला धरून सावरतो. लगामाचे दुसरे टोक घोड्याच्या तोंडात असते, म्हणजे स्वाराचा सगळा तोल घोड्याच्या जबड्यावर येतो. त्याच वेळी पडू नये म्हणून स्वार टाचांनी घोड्याचे पोट आवळतो. घोड्याच्या भाषेत ताणलेला लगाम म्हणजे ‘थांब’ आणि आवळलेली टाच म्हणजे ‘चल’. दोन्ही आज्ञा एकाच क्षणी मिळाल्या तर घोड्याने काय करावे? काही घोडे जागच्या जागी अडून राहतात. काही मागे सरकतात किंवा पुढचे पाय उचलून उभे राहतात. काही लगामाचा दाब सहन करून तोंडाने इतके कठीण होतात की पुढे कोणत्याच हाताला दाद देत नाहीत. एकाच विषयावर परस्परविरोधी दोन परिपत्रके आली असता तालुक्याची कचेरी नेमके हेच तीन प्रकार करते, हे मी नोकरीत अनेकदा पाहिले आहे. आपण मात्र कचेरीला अडेलतट्टू म्हणून मोकळे होतो.

याहून महत्त्वाची गोष्ट शिकण्याची. घोडा दाबाने शिकत नाही, दाब सुटल्याने शिकतो. टाच लागली, तो चालू लागला, आणि त्याच क्षणी टाच सैल झाली, तर ‘चालणे बरोबर होते’ हे त्याला समजते. नवखा मालक नकळत याच नियमाने उलटे धडे देत राहतो. घोड्याने कान मागे पाडले की तो दोन पावले मागे हटतो. घोडा शिकतो की कान पाडले की माणूस जातो. घोड्याने पाठ उसळवली की तो खाली उतरतो; घोडा शिकतो की उसळी मारली की काम संपते. महिनाभरात असा घोडा ‘वाईट खोडीचा’ ठरतो. प्रत्यक्षात त्याच्या मालकाने त्याला त्या खोडी शिकवलेल्या असतात, आणि घोड्याने त्या चोख आत्मसात केलेल्या असतात.

येलहंक्यातल्या माझ्या एका परिचितांनी मुलासाठी शर्यतीतून निवृत्त झालेला घोडा घेतला. असे घोडे तुलनेने स्वस्तात मिळतात. शर्यतीत धावण्याचे वय लवकर सरते, आणि आयुष्य मात्र पंचवीस वर्षांचे किंवा त्याहून अधिक असते, त्यामुळे पुढची पंधरा-वीस वर्षे त्या घोड्याने कुठे काढायची हा प्रश्न उरतोच. पहिले दोन-तीन आठवडे घोडा अगदी शांत होता. नवी जागा, नवी माणसे, सोबतीला दुसरा घोडा नाही, अशा वेळी घोडा गप्प राहून पाहत असतो. मालकांना वाटले, गरीब जनावर मिळाले. दाण्याचे प्रमाण वाढले आणि फिरवणे आठवड्यातून एका रविवारवर आले. मग एके दिवशी मुलगा वर बसला असता घोडा उधळला. मुलाने जितका लगाम ओढला तितका तो अधिक वेगाने धावला. मुलाचे मनगट मोडले, आणि घोडा विकून टाकण्याची भाषा सुरू झाली.

घोडदळातून निवृत्त झालेले सातारा जिल्ह्यातले एक रिसालदार त्या वेळी घोडा पाहायला आले होते. त्यांनी घोडा तासभर हाताने फिरवला, आणि मग म्हणाले, “साहेब, जनावर बिघडलेलं नाही. शर्यतीत लगाम ताणून धरतात तो पळवायला. ह्याला तेच शिकवलंय. पोरगं ‘थांब’ म्हणून ओढतंय आणि ह्याला ऐकू येतंय ‘पळ’. सांगितलेलं तो इमानानं करतोय.”

या एका वाक्यात प्रशासनाचा मोठा धडा आहे. नवा अधिकारी कार्यालयात येतो तेव्हा ते कार्यालय कोरे नसते. आधीच्या कोणी तरी त्याला काही खुणा शिकवलेल्या असतात. आधीच्या साहेबांना ‘सविस्तर चौकशी करा’ याचा अर्थ ‘प्रकरण थंड होऊ द्या’ असा अभिप्रेत असेल, तर नव्या साहेबांच्या त्याच शेऱ्याला तेच उत्तर मिळणार. इथे ओरडून उपयोग नसतो, कारण ओरडणे म्हणजे लगाम आणखी ताणणे. आपली खूण समोरच्यापर्यंत कोणत्या अर्थाने पोचते हे आधी तपासावे, आणि मग नवा अर्थ सावकाश, रोज, त्याच पद्धतीने शिकवावा.

घोडा माणसाला किती वाचतो याचे शंभर वर्षांपूर्वीचे उदाहरण प्रसिद्ध आहे. बर्लिनमध्ये फॉन ओस्टेन नावाच्या शिक्षकाचा हान्स हा घोडा बेरीज-वजाबाकीची उत्तरे टापा आपटून देत असे. १९०४ मध्ये समितीने तपासले, तिला लबाडी सापडली नाही. पुढे ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकाने बारकाईने प्रयोग केले आणि १९०७ मध्ये निष्कर्ष मांडला. प्रश्न विचारणाऱ्याला स्वतःलाच उत्तर ठाऊक नसेल, किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर हान्सचे उत्तर चुके. योग्य संख्या येताच विचारणाऱ्याच्या मानेत आणि चेहऱ्यात नकळत होणारा सूक्ष्म बदल पाहून घोडा थांबत असे. त्याला गणित येत नव्हते, माणूस येत होता. अलीकडचे, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेले एक स्वीडिश संशोधनही असेच आहे. काही जणांना घोडा घेऊन ठरलेल्या वाटेने चार वेळा जायला सांगितले आणि चौथ्या फेरीआधी ‘आता घोड्याजवळ छत्री उघडली जाईल’ अशी सूचना दिली. छत्री उघडलीच नाही. तरी माणसाच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि त्यासोबत घोड्याचेही वाढले. घोडा छत्रीला भ्याला नव्हता. तो माणसाच्या भीतीला भ्याला होता. आढावा बैठकीत साहेबांना कोणता आकडा हवा आहे हे त्यांच्या कपाळावर वाचून तोच सांगणारे आमचे हान्स मी भरपूर पाहिले आहेत. त्यांना लबाड ठरवण्यापूर्वी साहेबांनी आपले कपाळ तपासायला हवे.

कदाचित म्हणूनच इंग्रजांनी सिव्हिल सर्व्हिसच्या उमेदवारांना घोडेस्वारीची परीक्षा ठेवली असावी. वरवरचे कारण उघड होते: जिल्ह्याचा दौरा घोड्यावरून करावा लागे. अरविंद घोष लेखी परीक्षेत उत्तम गुणांनी उत्तीर्ण होऊनही घोडेस्वारीच्या परीक्षेमुळे १८९२ मध्ये त्या सेवेबाहेर राहिले; देशाच्या दृष्टीने ते बरेच झाले. त्या परीक्षेत साम्राज्याची ऐट होती हे खरे. पण हुकूम देणे आणि हुकूम समजणे यांत अंतर असते हे घोड्याइतक्या लवकर दुसरा कोणताही शिक्षक शिकवत नाही, हेही तितकेच खरे.

आता मालकीविषयी. घोड्याचे पोट लहान असते. तो दिवसातले बरेच तास थोडे थोडे चरण्यासाठी घडलेला आहे. त्याला ओकता येत नाही. त्यामुळे दाण्याचा अतिरेक किंवा चाऱ्यातला अचानक बदल पोटशुळात संपतो, आणि पोटशूळ कित्येकदा जिवावर बेततो. अति दाण्याने खुरांच्या आतही दाह होतो. खुरे दर सहा ते आठ आठवड्यांनी तासावी लागतात. रोज आठ-दहा किलो सुका चारा, पंचवीस ते चाळीस लिटर पाणी, रोजचा खरारा, रोजची चाल, आणि सोबत. एकटा कोंडलेला घोडा लाकूड चावत बसतो किंवा जागच्या जागी डोलत राहतो. पाहुण्यांना तो नाचतोय असे वाटते.

पूर्वी ही सगळी माहिती मालकाला असण्याची गरज नव्हती, कारण मालक आणि घोडा यांच्यामध्ये माणसांची एक उतरंड उभी असे: मोतद्दार, चाबूकस्वार, नालबंद, पखालजी. शिवकाळात पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे, असे सभासदाच्या बखरीतून कळते. त्याही आधी कौटिल्याने अश्वाध्यक्षावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. प्रत्येक घोड्याचे वय, वर्ण, खुणा आणि तो कोठून आला याची नोंद ठेवणे, आणि आजारी वा व्यंग असलेल्या घोड्याची वर्दी देणे हे त्या अधिकाऱ्याचे काम. आणि मराठी वाचकाने विसरू नये असे पत्र म्हणजे १६७० च्या दशकात शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या लष्कराला लिहिलेले. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि वैरण आताच मन मानेल तशी उधळली, तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील. मग लोक कुणब्यांच्या घरी दाणा, भाकर, गवत, भाजी ओढून आणू लागतील. आणि रयतेला शत्रू बरा वाटेल. दिव्याची वात उंदराने पळवून वैरणीला आग लागेल, इथपर्यंत त्यात सावध केले आहे. घोड्याच्या तोबऱ्यापासून रयतेच्या चुलीपर्यंतची साखळी एका पत्रात दाखवणारा हा राज्यकर्ता घोडा ‘पाळत’ नव्हता. त्याची व्यवस्था लावत होता.

ती उतरंड आता ढासळली आहे. २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे सव्वासहा लाख घोडे व तट्टे होती. २०१९ मध्ये ती ३.४२ लाख उरली. घोडे घटले की मोतद्दार आणि नालबंदही घटतात, आणि मोतद्दाराचा मुलगा वाहनचालक होतो. ज्ञान अशा रीतीने संपते. म्हणजे घोडा आज प्रथमच एकट्या, नवख्या, पैसेवाल्या मालकासमोर उभा आहे, मध्ये कोणीही नसताना.

कायदा काय म्हणतो? १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम ३ प्रमाणे प्राणी ताब्यात असणाऱ्यावर त्याच्या सुस्थितीची जबाबदारी आहे. कलम ११ प्रमाणे पुरेसे अन्नपाणी व निवारा न देणे, तसेच कारणाशिवाय प्राणी सोडून देणे हे गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये! येलहंक्यात आज पन्नास रुपयांत घोड्याच्या एका वेळच्या वैरणीचीही सोय होत नाही. त्यातही हा कायदा अपघातानंतर येतो, वरातीमागूनच. स्वारी शिकवणाऱ्या संस्थांसाठी वेगळ्या परवान्याची तरतूद या अधिनियमात नाही. ब्रिटनने १९६४ मध्येच अशा संस्थांना स्थानिक प्रशासनाचा परवाना आणि पशुवैद्यकाची तपासणी बंधनकारक केली. इंग्लंडमध्ये २०१८ पासून त्याची जागा नव्या नियमांनी घेतली आहे.

माझ्या सूचना तीन आहेत. पहिली, घोड्यांची नोंद. ग्लँडर्ससारखा माणसालाही होणारा रोग २००९ च्या सांसर्गिक रोग अधिनियमाखाली कळवावा लागतो. पण कोणत्या फार्महाउसात किती घोडे आहेत हेच ठाऊक नसेल, तर आरोग्ययंत्रणा शोध कुठे घेणार? २०२५ मध्ये बृहत् बंगळूर महानगरपालिकेच्या जागी पाच महापालिका आल्या आणि येलहंका उत्तर महापालिकेत गेले. नव्या संस्थेने हे काम पहिल्याच वर्षांत हाती घेतले, तर पुढे सोपे जाईल. दुसरी, स्वारी शिकवणाऱ्या आणि घोडे भाड्याने देणाऱ्या संस्थांना पशुवैद्यकाच्या वार्षिक तपासणीसह परवाना. तिसरी, खासगी मालकाने घोडा घेण्यापूर्वी चार-सहा आठवडे तबेल्यात काम केल्याचे प्रमाणपत्र. हेब्बाळला १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याच्यासारख्या संस्थांनी असा छोटा वर्ग चालवावा, आणि त्यात निवृत्त रिसालदारांना व जुन्या मोतद्दारांना मानधन देऊन शिक्षक म्हणून घ्यावे.

यावर एक आक्षेप मला दिसतो, आणि तो खरा आहे. परवाना म्हटले की हात ओले करणे आले, आणि नियमाचा पहिला फटका वरातीच्या घोडीवर पोट भरणाऱ्या गरिबाला बसतो. फार्महाउसचा मालक सुटतो. म्हणून माझे म्हणणे असे की प्रमाणपत्राची अट शौकाच्या मालकापुरतीच असावी. पिढ्यान्‌पिढ्या घोडे सांभाळणाऱ्याची परीक्षा घेण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्याला हवा आहे मोफत दवाखाना, नालबंद आणि उन्हात सावली. नोंद सर्वांची, सक्ती नवख्याची, मदत गरिबाची, असा क्रम ठेवला तर नियम जाचक होणार नाही.

परगावी आणि परदेशी राहणाऱ्या वाचकांना एक विनंती. तुमच्यापैकी अनेकांची मुले आता घोडेस्वारी शिकतात, आणि सुट्टीत इकडे आली की त्यांनाही घोडा हवा असतो. त्यांना पहिल्या दिवशी पाठीवर बसवू नका. तबेल्यात पाठवा. खरारा करू द्या, लीद उचलू द्या, पाणी पाजू द्या, कान कधी मागे पडतात ते पाहू द्या. माझ्या परिचितांचा तो घोडा शेवटी विकला गेला नाही. रिसालदारांनी सहा महिने त्याला सैल लगामावर चालायला शिकवले, आणि मुलालाही. त्या सहा महिन्यांपैकी पहिले दोन महिने मुलगा घोड्यावर बसलाच नव्हता.